तू न वाचलेला कागद

इंदिरानगर, नाशिक
४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

पत्र बघून हसशील. येवला इथून दोन-अडीच तासांवर, आणि भाऊ पोस्टाने पत्र पाठवतोय. पण तू करतेस काय? फोन सोमनाथ उचलतो आणि म्हणतो, "मामा, आई मागावर बसलीय." सकाळी केला तरी मागावर, जेवायच्या वेळी केला तरी मागावर. तुझ्या लेकाला खोटं बोलता येत नाही, हे मात्र बरं आहे. बोलायच्या आधी तो थोडा थांबतो.

मला येऊन बारा दिवस झाले. पल्लवीच्या आईकडे उतरलोय. पल्लवी आणि पायल तिकडेच, लिथुआनियात, कौनासला. लेकीची शाळा एक सप्टेंबरपासून. आता तिची उंची तुझ्याएवढी झालीय, आणि मराठी बोलताना मधेच अडते, मग हाताने खुणा करते.

एक गोष्ट तुला कधी धड सांगितलीच नाही. तू गल्लीत सांगतेस की हर्षलला लिथुआनियात नोकरी लागली. नोकरी नाही, ताई. तिथे स्वतःची कंपनी काढली की तिचा चालक म्हणून राहायचा परवाना मिळतो, बायको-मुलांनाही मिळतो. मात्र कंपनी नुसती कागदावरची नाही ना, हे ते लोक बघतात. धंदा खरा पाहिजे, तिथली माणसं कामावर पाहिजेत आणि मालकाला तो धंदा येतो हे दाखवावं लागतं. आपल्या घरचा धंदा पैठणीचा, म्हणून पैठणीची कंपनी काढली. नाव ठेवलं 'गोकर्ण', तुझ्या त्या गोकर्णाच्या वेलाच्या काठावरून. ऐकून तुला बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

परवाना नोव्हेंबरअखेर संपतोय. तो वाढवायला विणकराचा एक नवा कागद लागतो. सोबत तीन पानं पाठवतोय. पेन्सिलीने फुल्या केल्यात तिथे सही कर, मागच्या वेळी केलीस तशीच. इंग्रजीत आहे, कंटाळवाणं आहे, त्यात डोकं घालू नकोस. तिकीट लावलेला लिफाफाही ठेवलाय.

सोमनाथ म्हणाला, तुझा विणकर पुरस्काराचा अर्ज परत आला आणि काहीतरी खुलासा मागितलाय. मनावर घेऊ नकोस. सरकारी कचेरीत अर्ज पहिल्या फटक्यात गेला तर तिथल्या लोकांनाच चुकल्यासारखं होतं. मी बघतो काय करता येतं ते. आधी या सह्या तेवढ्या उरकून टाक.

शनिवारी राखी. तीन वर्षं तुझी राखी तिकडे दसऱ्यानंतर पोचायची. यंदा मी इथेच आहे.

तुझा लाडका,
हर्षल


इंदिरानगर
२१ ऑगस्ट २०२५

ताई,

लिफाफा मिळाला. तिन्ही पानं सहीविना. माझ्या फुल्या तू खोडरबराने पुसल्यास, इतक्या स्वच्छ की कुठे होत्या ते मलाही सापडेना. राखी नव्हती. शेवटच्या पानामागे एवढंच लिहिलं होतंस : "फोटो बघितला. मागावरचं सूत तू कापून टाकलंस."

म्हणजे सोमनाथने तुला माझ्या कंपनीची वेबसाइट दाखवली.

मी ते वाक्य पल्लवीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, सूत कापलं तर काय झालं, एवढ्यावरून कुणी रुसतं? तिला कळायचं कारण नाही. साडी मागावरून उतरली तरी विणकर फणीतले धागे काढत नाही. हातभर टोकं तशीच लोंबती ठेवतो, कारण पुढच्या साडीच्या ताण्याचा एकेक धागा बोटांना राख लावून त्याच टोकांना पिळून जोडायचा असतो. टोकंच कापली तर हजारो धागे पुन्हा पहिल्यापासून ओवत बसा. आपल्या गल्लीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. अण्णांचा जुना माग तू माझ्यासाठी सुटा केलास, टोकांना गाठी मारल्यास, गोणपाटात बांधून दिलास. कौनासच्या दुकानात तो मांडला, तेव्हा फोटोत ती टोकं गबाळी दिसत होती. मी बाजारातून नवी कात्री आणली आणि सगळी साफ केली. मग झब्बा घालून मागापुढे उभा राहिलो. फोटोखाली लिहिलंय, 'तिसऱ्या पिढीचे पैठणी विणकर'.

तो फोटो शेकडो माणसांनी पाहिला असेल, आवडला म्हणून कळवलंही. एका नजरेत चोरी पकडली ती तू.

आता लिहायला घेतलंच आहे तर हेही लिहितो. फेब्रुवारीत परवान्याच्या कचेरीतून एक बाई पाहणीला आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, चहा घेतला, साडीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, थोडं विणून दाखवता का? मी म्हणालो, खांदा दुखावलाय. त्यांनी हसून वहीत काहीतरी लिहिलं. त्यानंतर मला पत्र आलं की विणकराचं नवं प्रतिज्ञापत्र जोडा. म्हणून मी इकडे आलोय. तुझ्या आठवणीने आलो असं फोनवर म्हणालो होतो, ते खरं नव्हतं.

तुझ्या अर्जाचंही मला आता कळलंय. पुरस्काराच्या कचेरीने लिहिलंय की हा काठ एका परदेशी कंपनीच्या नावावर प्रसिद्ध आहे आणि अर्जदार बाई मजुरीने विणतात असं त्यांचं स्वतःचंच प्रतिज्ञापत्र त्या वेबसाइटवर आहे. ते प्रतिज्ञापत्र मीच तिथे लावलं होतं, तिकडच्या लोकांना खात्री पटावी म्हणून. इथे कुणी उघडून बघेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पण त्यातला मजकूर माझा नाही, ताई. परवान्याचे कागद करून देणाऱ्या नाशिकच्या सल्लागाराने तो तयार करून दिला होता. मी घाईत होतो, मीही नीट वाचला नव्हता.

सोमनाथने तुझा निरोप दिला : "मामाला सांग, आता मी वाचल्याबिगर सही करत नाय." बरोबर आहे तुझं.

तुझा,
हर्षल


इंदिरानगर
३ सप्टेंबर २०२५

ताई,

काल मी येऊन गेलो ते तुला कळलं. कळलं तरी तू वळली नाहीस.

मुद्दाम गौरीविसर्जनाचा दिवस धरला होता. सणाच्या दिवशी तू दारातून परत पाठवणार नाहीस, असा माझा हिशेब. तू परत पाठवलं नाहीस. पाठमोरी बसून विणत राहिलीस. शेजारच्या धोंडाबाई मावशी पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "बस रे बाळा. ती आज बोलायची नाय. गौराई घरात हायेत तोवर तोंडातून वंगाळ नको निघायला, म्हणून गप हाय." मी दीड तास खाटेवर बसलो. तुझ्या मागावर गोकर्णाचाच काठ होता, निळी फुलं निम्मी भरलेली. पिशवीत त्या तीन पानांचा नवा संच होता. एवढं होऊनही मी तो घेऊन आलो होतो, हे तुला सांगायलाच हवं.

मग उठलो आणि स्टँडवर गेलो. एसटी येईपर्यंत मनात एकच चाललं होतं, मागचं पत्र टाकायला नको होतं. कारण त्यात मी खोटं लिहिलंय. प्रतिज्ञापत्राचा तो मजकूर मी वाचला होता. एकदा नाही, पुष्कळदा. सल्लागाराने नुसता साचा दिला होता, मोकळ्या जागा सोडलेला. त्या मी भरल्या.

आणि ज्या दिवशी तू सही केलीस त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. तुला वाटत असेल, हर्षलच्याही ध्यानात आलं नसावं. आलं होतं.

मार्च महिना होता, अण्णा जाऊन वर्ष झालं होतं. मी येताना गाडीत घोकत आलो होतो की ताईला कंपनीचं असं सांगायचं, तसं सांगायचं. अर्धं खरं सांगणार होतो. मी पिशवीतून कागद काढले आणि तू मला बोलूच दिलं नाहीस. म्हणालीस, "हक्कसोडाचा कागद ना? मला ठाऊक होतं, अण्णाचं वर्षश्राद्ध झालं की आणशील."

मी गप्प राहिलो.

तू हात धुतलेस. कागद देवापुढे ठेवलास, कोपऱ्याला हळदी-कुंकू लावलंस. म्हणालीस, "आपल्यात कुठल्या बहिणीनं घराचा हिस्सा घेतलाय? आत्यानं सोडला, मावशीनं सोडला, मी बी सोडते. फकस्त मला अन् सोमनाथला ह्या खोलीत माग ठेवू दे." आणि मी काय म्हणालो आठवतं? म्हणालो, "ठेव ना ताई, त्यात विचारायचं काय." ज्या घराचा विषयच नव्हता, जे निम्मं तुझं होतं आणि आजही आहे, त्या घरात तुला राहायची परवानगी दिली मी, मोठ्या मनाने.

मी एकदा म्हणायला हवं होतं की ताई, हा हक्कसोड नाही. चार शब्द. जीभ उचलली नाही, कारण हक्कसोड म्हणून तू वाचणार नव्हतीस. भावाने आणलेला हक्कसोड बहिणी वाचत नाहीत. वाचला तर भावावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, असं तुम्हाला लहानपणापासून वाटत आलंय. सही करून पेढा हातावर ठेवतात. तूही शिरा केलास. मी दोनदा मागून घेतला.

तू घर द्यायला बसली होतीस. मी त्याच सहीवर तुझा काठ नेला.

हे लिहिताना मान वर होत नाही, आणि समोर तर भिंतच आहे. पल्लवीची आई मघाशी विचारून गेली, ताप आलाय का. लाज वाटते, ताई. दुसरा शब्द नाही.

हर्षल


इंदिरानगर
१८ सप्टेंबर २०२५

ताई,

सोमनाथने तुझ्या सुनावणीच्या पत्राचा फोटो पाठवला. सोमवार, सहा ऑक्टोबर, सकाळी अकरा. मला बोलावलेलं नाही. पण तो म्हणतो, "मामा, तुम्ही नाही आलात तर आईचा अर्ज निकालात निघेल. तिची सही तिच्याच विरुद्ध आहे." पुढे म्हणाला, आई पुरस्कारासाठी अडलेली नाही. तिचं म्हणणं एवढंच की, "जल्मभर साड्या दुकानदाराच्या नावानं गेल्या. हा काठ तेवढा माझ्या नावानं जाऊ द्या."

मी त्याला म्हणालो, बघतो. या शब्दाची त्याला एव्हाना सवय झाली असेल.

काय बघायचं ते साधं आहे. मी तिथे येऊन शपथेवर सांगितलं की काठ ताईचा, तर कौनासमधली माझी कंपनी खोटी ठरते. तिचा चालक विणकर नाही आणि तिची नक्षी तिची नाही. मग परवाना वाढवायचा अर्ज करण्यात अर्थ नाही. डिसेंबरात आम्ही तिघं इथे. मी आलो नाही, तर तुझा काठ गेला. मधला रस्ता काढायला मी सल्लागाराकडे जाऊन आलो. तो म्हणाला, 'गैरसमजातून झालेली नोंद' असं गोलमोल लिहून देऊ, दोन्हीकडे चालेल. त्याने लिहिलंसुद्धा. मी ते खिशात घालून दोन दिवस हिंडलो. घरी येऊन त्यातलं एकेक वाक्य तुझ्यासमोर म्हणून बघितलं. एकही म्हणता येईना.

पल्लवीला सांगितलं. तिने आधी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी मला सांगितलं असतंस तर मी आलेच नसते. आता पायलला काय सांगू? तुझ्या बापाने आत्याला फसवलं म्हणून शाळा सोड?" मागून पायलचा आवाज येत होता, मैत्रिणीशी तिकडच्या भाषेत खिदळत होती. मला त्यातला एक शब्दही कळत नाही. ती तिथे रुजलीय, ताई. शाळेच्या गाण्याच्या चमूत आहे.

दुसऱ्या दिवशी पल्लवीनेच फोन केला. म्हणाली, "तू जा. आणि उद्या असं म्हणू नकोस की माझ्यामुळे गेला नाहीस." मला धक्का बसला, कारण मी त्याचीच वाट बघत होतो. तिने अडवावं, रडावं, आणि मग मी तुला लिहावं की बघ ताई, माझा इलाज नव्हता. हे मनात पूर्ण तयार होतं. पत्राची पहिली ओळसुद्धा तयार होती.

सहा तारखेला मी येतो. सोमनाथला सांग, आता 'बघतो' नाही.

हर्षल


इंदिरानगर
८ ऑक्टोबर २०२५

ताई,

परवा जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहितोय, कारण त्यातलं सगळं तुझ्यासमोर झालं नाही.

आधी कामाचं. सुनावणीतल्या माझ्या जबाबाची प्रत मी त्याच संध्याकाळी कौनासला परवान्याच्या कचेरीकडे पाठवली. वेबसाइट काढून टाकली. पल्लवीने घरमालकाला कळवलंय. पायल माझ्याशी बोलत नाही. पल्लवी म्हणते, तिला वेळ दे.

आता त्या खोलीतलं. तू बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "हे कोण तुमचे?" तू म्हणालीस, "त्यांनाच इचारा." मी म्हणालो, "धाकटा भाऊ." मॅडमनी फायलीतून प्रतिज्ञापत्राची प्रत काढली आणि तुला विचारलं की यात काय लिहिलंय ते ठाऊक आहे का. तू म्हणालीस, "सोमनाथनं थोडं सांगितलं. म्या म्हणलं, बास." मग त्यांनी एक प्रत माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय ना? मग तुम्हीच मराठीत सांगा यांना. एकेक वाक्य. सावकाश."

शाळेत मराठीच्या तासाला मी उभ्याने वाचायचो तेव्हा तू खिडकीबाहेर थांबून ऐकायचीस, तुझी शाळा तोवर कायमची सुटली होती. परवा तसंच वाचायला उभा राहिलो. पाणी मागितलं. मग वाचलं.

"मी, उज्वला, राहणार येवला, शपथेवर सांगते की मी मजुरीने पैठणी विणते."

मॅडमनी 'पुढचं' म्हणून खूण केली.

"गोकर्णाचा काठ माझा नसून तो माझे बंधू हर्षल यांनी कागदावर काढला आणि मला शिकवला."

तू हळूच विचारलंस, "मला शिकिवला?" मी म्हणालो, हो, असं लिहिलंय. तू म्हणालीस, "वाच पुढं."

"या काठावर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही आणि यापुढे राहणार नाही."

मी कागद खाली ठेवला. मॅडमनी विचारलं, सगळं समजलं का. तू म्हणालीस, "समजलं. सही माझी हाय. बाकी काहीच माझं नाय त्यात." कारकुनाचा लिहिता हात थांबला होता. मग मी शपथेवर सांगितलं की मी विणकर नाही, मला मागावर बसता येत नाही, काठ माझ्या बहिणीचा आहे आणि सही मी तिला अंधारात ठेवून घेतली. मॅडमनी तुझा अर्ज दाखल करून घेतला, अर्जदार विणकर आणि नक्षीकार म्हणून तुझं नाव मोठ्याने वाचलं. तू पदराने तोंड पुसलंस. सोमनाथ रडला, ते तू पाहिलं नसशील.

स्टँडवर तू पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. म्हणालीस, "बारीक झालास." मग म्हणालीस, "झालं ते झालं. भाऊबीजेला ये. पोरगी आली असली तर तिला बी आण." गाडी लागली. पायरीवर एक पाय ठेवून तू मागे वळलीस आणि विचारलंस, "आता समदं सांगून झालं ना रे?"

मी म्हणालो, "हो ताई."

नव्हतं झालं.

त्या कागदावर चार वाक्यं आहेत. मी तीन वाचली. शेवटच्याच्या आधीचं एक गाळलं. मॅडमच्या हातात दुसरी प्रत होती. मी पुढे गेलो तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, थोडा वेळ तसंच पाहत राहिल्या आणि पुन्हा खाली बघितलं. त्यांना का दया आली, आणि माझी आली की तुझी, हे मला माहीत नाही. सोमनाथने तुला 'थोडं' सांगितलं त्यातही ते नसणार. असतं तर तू मला 'ये' म्हणाली नसतीस.

ते वाक्य असं आहे :

"माझ्या पतीच्या निधनानंतर मी व माझा मुलगा निराधार झालो असता माझ्या भावाने आम्हाला घरात आसरा दिला, आणि मला कोणतेही काम येत नसल्यामुळे दया म्हणून मागावर बसवले."

भाऊजी गेले तेव्हा मी नाशिकला कॉलेजात होतो. तू सोमनाथला घेऊन आलीस, आणि तेराव्यानंतर चार दिवसांत मागावर बसलीस, कारण अण्णांचे हात थरथरायला लागले होते आणि माझ्या परीक्षेची फी भरायची होती. माझं पुढचं सगळं शिक्षण तुझ्या पाठीवर झालं. येवल्यातल्या कुणालाही विचारलं तर तो हेच सांगेल. मलाही तेव्हापासून सगळे हेच सांगत आले. लग्नात सांगितलं, परदेशी निघालो तेव्हा सांगितलं. "बहिणीनं शिकवलं हो याला."

सल्लागाराने ते वाक्य मागितलं नव्हतं. तो फक्त म्हणाला होता, थोडी घरची माहिती टाका, बरं दिसतं. नवरा वारला, एवढं पुरलं असतं. उरलेलं मी घातलं. आणि मला शरमेची खरी गोष्ट ही सांगायची आहे की ते लिहिताना मला वाईट वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं. ज्या भाषेत तू वाचणार नाहीस त्या भाषेत, एका कागदापुरता का होईना, मी तुझ्यावर उपकार केले होते. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. मग तुझ्याकडे यायला निघालो.

काठाची चोरी परवान्यासाठी केली, ती समजण्यासारखी तरी आहे. ही कशासाठीच नव्हती.

भाऊबीज तेवीस तारखेला आहे. तू बोलावलंस ते तीन वाक्यं ऐकून. आता चौथंही तू वाचलंस, मराठीत. मी आपण होऊन येणार नाही. तू बोलावलंस तर येईन.

हर्षल